बारवेचं आणि घरचं

मसाल्याच्या पितळी डब्यात सात वाट्या होत्या आणि मधली रिकामी होती. उमानं झाकण लावलं, पुन्हा काढलं. कडेच्या सहा वाट्यांत शेवाळ होतं, वाळून आक्रसलेलं, मातीच्या खपल्यांसकट. मधल्या वाटीत काळपट भुकटी तेवढी कडेला चिकटून राहिली होती. तिनं वाटी उलटी केली. बुडाला नानांची, तिच्या वडिलांची, चिठ्ठी शाबूत होती. त्यांचं उर्दू अक्षर, डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर मोठं आणि तिरकं झालेलं: बारव, वरच्या पायऱ्या, महिना दै. हैदराबाद सरकारच्या सालात दै म्हणजे कार्तिकाच्या आसपासचा महिना. तिच्या दुसऱ्या हातात कलकत्त्याहून आलेलं पत्र होतं. दुपारी शाळेत, मुली पाढे म्हणत असताना डाकवाल्यानं ते खिडकीतून आत दिलं होतं, आणि पाकिटावर वडिलांचं नाव वाचून तिला क्षणभर वाटलं होतं की घरी गेल्यावर त्यांना द्यायला हवं. तो क्षण फार छोटा होता. पण पुढे सगळे पाढे संपेपर्यंत तिला एकही आकडा ऐकू आला नाही.

पत्र वनस्पतिशास्त्राच्या प्रोफेसरांचं होतं, नानांनी दोन वर्षांपूर्वी लिहिलेल्या पत्राला उशिरानं आलेलं उत्तर; नाना गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी सुरेख इंग्रजीत लिहिलं होतं की जालन्यासारख्या ठिकाणी एका शाळामास्तरानं बावीस वर्षं दोन शेवाळांकडे पाहत राहावं, याचं त्यांना मोठं अप्रूप वाटलं. दोघांतला फरक मास्तरांनी म्हटला आहे तसा बारा महिने टिकत असेल, तर या दोन जवळच्या, पण वेगळ्या जाती मानाव्या लागतील, आणि तसं टिपण ते मास्तरांच्या नावानं छापतील. तेवढ्यासाठी दोन्हींचे नमुने पाठवावेत. विशेषतः हिवाळ्यातला तो नमुना, ‘जो आपल्या कन्येनं स्वतःच्या डोळ्यांनी तपासून खात्री केल्याचं आपण लिहिलं आहे’. ते वाक्य नानांनी सांगितलं होतं आणि उमानं लिहिलं होतं. टाक दौतीत बुडवताना तिचा हात थांबला नव्हता.

स्वयंपाकघरात द्वारकाआत्या वाती वळत बसली होती. नानांची धाकटी बहीण. भोकरदनहून दहाव्याला आली ती अजून गेली नव्हती. उमाचा भाऊ, भालचंद्र, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीच हैदराबादेला कचेरीत हजर झाला, पण आत्या राहिली; पोरीला एकटं कसं टाकू, म्हणाली. उमा एक्केचाळीस वर्षांची होती.

“आत्या, या मधल्या वाटीतलं कुठं गेलं?”

“कशातलं?”

“या डब्यातलं.”

“दगडफूल ना? ते मी तेराव्याच्या मसाल्याला घेतलं की. घरात दुसरं न्हवतंच. तुला विचारणार होते, पण तू आपली भिंतीकडं तोंड करून बसल्ती. म्हटलं, हिला कशाला उठवा.”

“ते दगडफूल नव्हतं.”

“मंग काय होतं?”

“शेवाळ.”

आत्याची मांडीवर वळत असलेली वात तशीच राहिली. “आडावरचं?”

“बारवेचं.”

“अगं बाई! तरीच म्हटलं भाजून राह्यले तरी वास का सुटंना. मंग मी उरलेलंबी टाकलं.”  मग तिला राग आला. “पण मसाल्याच्या डब्यात शेवाळ ठेवतं का कुणी? वहिनी असती तर ठेवू दिलं असतं का तिनं? आन् जेवणाला नाव ठेवलं का कुणी, सांग. ते अंबडचे भटजी तर दोनदा आमटी मागून प्याले. वाटी तोंडाला लावून.”

  त्या दिवशी उमानंही आमटी खाल्ली होती. पहिल्याच घासाला मातीचा, ओल्या दगडाचा वास आला होता, आणि तिला वाटलं होतं की दुःखात तोंडाची चव अशी होत असावी. पुस्तकांतून तिनं तसं वाचलंही होतं. तिनं भात कालवून सगळं संपवलं होतं.

डबा आईचा. ती गेली त्याला अकरा वर्षं झाली. ती गेल्यावर कितीतरी दिवस तो फडताळात तिच्या मसाल्यासकट तसाच होता, मग एका रविवारी नानांनी तो घासून, उन्हात वाळवून आपल्या टेबलावर ठेवला. कीड लागत नाही, दमट होत नाही, एकाचं दुसऱ्यात मिसळत नाही, असं त्यांनी कुणी न विचारता सांगितलं. नाना गेल्यावर टेबल आवरताना कुणीतरी तो पुन्हा फडताळात ठेवला असणार. आत्याला उर्दू येत नव्हतं, आणि येत असतं तरी वाटीच्या बुडाखाली पाहायचं तिला काय कारण होतं? कडेच्या सहा वाट्यांतलं शेवाळ घरच्या आडाच्या कठड्यावरचं. ते वाळलं तरी हिरवट राहायचं. बारवेचं वाळून काळं, कुरळं, थेट दगडफुलासारखं व्हायचं. हा फरक मात्र कुणालाही दिसण्यासारखा होता. नानांना त्याचं काही नव्हतं. वाळल्यावर कोण कसं दिसतं यावरून ओळख पटवू नये, असं ते म्हणायचे. ओलं करून पाहावं.

पाहावं, हा त्यांचा शब्द. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी उमा कुंकू पुसून या घरात परत आली तेव्हा बायका येऊन रडून गेल्या, पुरुष ओसरीवर बसून उठून गेले, आणि नाना आठ दिवस काहीच बोलले नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी तिला आडाशी बोलावलं. तिच्या हातात भिंग दिलं. एका काचेच्या तुकड्यावर दोन हिरवे ठिपके होते, पाण्याच्या थेंबात उमलत असलेले. “हे आपल्या कठड्यावरचं. हे जांबेच्या वाटेवरच्या बारवेतलं. दोन्हींच्या पानांना मधोमध शीर आहे. घरच्याची शीर पानाच्या टोकातून बाहेर येते, केसासारखी, पांढरी. बारवेच्याची आतच संपते. दिसतं?” तिनं भिंग डोळ्याशी नेलं. डोळे आधीच भरलेले होते, आणि भिंगानं ते पाणीच मोठं करून दाखवलं. हिरवं, थरथरणारं, कडा नसलेलं. “दिसतं,” ती म्हणाली. तसं म्हटलं की ते थांबतील आणि आपल्याला आत जाता येईल, एवढंच तिला कळत होतं. नाना खूष झाले. ते पुष्कळ दिवसांनी हसले असावेत, कारण हसताना त्यांना खोकला आला.

त्यानंतर ती किती वेळा ‘दिसतं’ म्हणाली असेल? महिन्यातून दोनदा धरलं तरी. पुढे डोळ्यांत पाणी नव्हतं. ती शाळेत शिकवू लागली होती, नानांनी तिला इंग्रजी शिकवलं होतं, ती मिळेल ते वाचत होती, परदेशी कादंबऱ्यांतल्या माणसांसाठी तिचा जीव तुटत होता, आणि संध्याकाळी भिंग पुढे आलं की ती ते डोळ्याशी धरून मनात दुसरंच काही बोलत असायची. भिंग नीट धरलं आहे की नाही हेही पाहत नसे. यात कपट नव्हतं. सोबत होती. म्हाताऱ्या माणसाच्या शेजारी उभं राहणं होतं. नाना वहीत टिपण करत: आज पुन्हा पाहिलं, फरक कायम. ते स्वतः पाहत होते तोवर तिच्या ‘दिसतं’ला वजन नव्हतं. मग त्यांचे डोळे गेले, आणि सगळं वजन तिच्या शब्दावर आलं. ते केव्हा आलं हे तिला कळलं नाही.

पत्र आल्याच्या चौथ्या दिवशी शाळेतून रजा घेऊन उमा बारवेला निघाली. आत्यानं दशम्या बांधून दिल्या आणि दारात म्हणाली, “आण माय, ओंजळभर जास्त आण. अन् घरात नको ठेवू.” परतूरपर्यंत आगगाडी, पुढे छकडा. थंडीचे दिवस, ज्वारी पोटऱ्यात आलेली. नाना या वाटेनं बावीस वर्षं गेले, पण नेहमी रामनवमीला. शाळेला तेव्हाच सुटी मिळायची, आणि आई होती तोवर तिला जांबेच्या उत्सवाला जायचं असायचं. आई देवळात कीर्तनाला बसली की ते कोसभर मागे चालत येऊन बारवेत उतरायचे. चैत्रातलं ऊन, पाणी तळाला गेलेलं. चाळीस पायऱ्या उतरून पाण्याच्या कडेला जी हिरवी पट्टी उरलेली असायची तिच्यातून चिमूटभर घ्यायचे. देव आणि शेवाळ एकाच फेरीत, असं आई म्हणायची.

बारवेत उतरल्यावर उमा सवयीनं थेट खाली जाऊ लागली. पाणी यंदा अर्ध्यावर होतं. एक बाई घागर बुडवत होती. तिनं मान वर करून पाहिलं.

“काय हुडकून राह्यल्या, बाई? काही पडलं का पान्यात?”

“नाही. शेवाळ पाहतेय.”

“शेवाळ?” तिनं घागर काठावर ठेवली. “मंग तुमी मास्तराच्या लेक. त्या चष्मेवाल्या मास्तराच्या. पिशवीत शेवाळ भरून न्यायचे ते. आमी म्हनायचो, मास्तराच्या घरी म्हैस असंल, अन् ती येडी असंल.”

उमा हसली. “तुमचं नाव काय?”

“साळूबाई. मास्तरांना इचारा, वळखत्यात. मी तेंना एकडाव काठी धरून वर चढवलंय. बरे हायेत न्हवं?”

“श्रावणात गेले.”

 साळूबाईनं पदरानं हात पुसले, घागरीतलं थोडं पाणी पायरीवर सांडलं, आणि म्हणाली, “तुमाला बी पाह्यलंय मी. दोन वर्साखाली, कार्तिकात. छकडा वर हुबा होता. तिसऱ्या पायरीवरूनच मूठभर उपटलं अन् गेल्या पळत. म्या म्हनलं, ही काय मास्तरासारखी न्हाई. मास्तर एकेका पायरीला बसायचे.”

“गाडी चुकली असती,” उमा म्हणाली.

“असंल. पर तेंना बिचाऱ्यांना तरी काय गावायचं? चैतात इथं वर वाळून कोळसा. आता कसं, पार वरपासून पान्यापस्तोर हिरवंगार हाय.” तिनं घागर डोक्यावर घेतली आणि पायऱ्या चढून गेली.

कार्तिकात. उमाला आठवत होतं. नाना तेव्हा जवळजवळ आंधळे झाले होते. परीक्षेच्या कामासाठी तिला परतूरला जायचं होतं आणि निघताना ते म्हणाले होते, “उमे, जमलं तर बारवेला जाऊन ये. मी कायम चैत्रातच पाहिलंय. हिवाळ्यात वरच्या पायऱ्यांवर ते कसं असतं, कुणास ठाऊक. माझ्या मनात कधीपासून ते खटकतंय.” तिनं मूठभर आणलं. आल्याबरोबर त्यांनी ते ओलं करायला लावलं, भिंग तिच्या हाती दिलं, आणि स्वतः खुर्चीच्या कडेला येऊन बसले. विद्यार्थ्याच्या तोंडून उत्तर यायच्या आधी बसायचे तसे. “नीट पाहा. याच्या टोकाला केस नाही ना?” ती प्रवासानं आंबून गेली होती. चुलीवर दूध होतं. त्यांच्या आवाजात जो ‘नाही ना’ होता, त्यात तिला त्यांना हवं असलेलं उत्तर ऐकू आलं. “नाही,” ती म्हणाली. तिनं भिंग उचलून डोळ्याशी नेलंही होतं, कारण त्यांना काचेचा आवाज ऐकू यायचा. नाना थोडे मागे टेकले. “बरं,” ते म्हणाले. “मग पत्र लिहायला हरकत नाही.”

तिनं पिशवीतून भिंग काढलं आणि पाण्याच्या कडेशी बसून पहिल्यांदा पाहिलं. आधी काहीच दिसेना. मग श्वास रोखून धरल्यावर, भिंग डोळ्याच्या अगदी जवळ आणि दगड भिंगाच्या जवळ आणल्यावर, एकदम एक जंगल उभं राहिलं. प्रत्येक रोपाला पानं होती, फिरत फिरत वर गेलेली, इतकी पातळ की उजेड आरपार जात होता. प्रत्येक पानाला शीर होती. ती टोकाच्या आत संपत होती. नाना म्हणत होते ते खरंच होतं, आणि ते तिला दिसत होतं. ती एक पायरी वर सरकली. तिथंही तसंच. आणखी दोन पायऱ्या. ऊन फिरत होतं, गुडघे दुखायला लागले होते, वर छकडेवाल्याचं दोनदा खाकरून झालं. पाण्यापासून आठव्या पायरीवर तिला पहिला केस दिसला. पांढरा, डोळ्याच्या पापणीहून बारीक. तिला वाटलं, धूळ असेल. तिनं नखानं ते एकच रोप उचललं, तळव्यावर थेंबभर पाण्यात ठेवलं. खालची पानं गुळगुळीत, शीर आत संपलेली. वरची पानं केसाची. मधल्या दोन पानांची शीर टोकापर्यंत येऊन जेमतेम बाहेर डोकावलेली. एकच काडी होती. पायरी पाण्याशी होती तेव्हा फुटलेली पानं एका तऱ्हेची, पाणी खाली गेल्यावर, कोरड्यात फुटलेली दुसऱ्या तऱ्हेची. तिनं आणखी वर जाऊन पाहिलं. वरून तिसऱ्या पायरीवर, जिथून तिनं मूठ उपटली होती, जवळजवळ प्रत्येक पानाला केस होता. ते घरचंच शेवाळ होतं. बारवेचं घरचं होतं, घरचं बारवेचं होतं. दोन नव्हतीच कधी.

आधी आनंद झाला. तो इतका अचानक आणि इतका निखळ होता की ती उठून उभी राहिली आणि वळली, हे सांगायला. मागे पाण्यापर्यंत रिकाम्या पायऱ्या होत्या आणि वर आभाळाचा चौकोन.

परतीच्या वाटेवर ती स्वतःला समजावत राहिली की बरंच झालं. नानांची बावीस वर्षं चुकली हे त्यांना कळलं नाही, आपण त्यांना त्यापासून वाचवलं. आगगाडीच्या धक्क्यांबरोबर हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणता येत होतं. घरी आल्यावर टिपण पडताळायला तिनं नानांची वही उघडली आणि ती हातून निसटून दुसऱ्या बाजूनं उघडली, उर्दूच्या बाजूनं. त्या बाजूला तिनं कधी पाहिलंच नव्हतं. वर मथळा होता: ग़लतनामा. खाली आखलेले तीन रकाने. काय चुकलं, तारीख, कुणी दुरुस्त केलं. पहिलीच नोंद: आडाजवळ उगवलेलं अनोळखी रोप दोन महिने जपलं, चित्र काढलं, नाव सुचवलं, तो राजगिरा निघाला. दुरुस्ती: पत्नी. आणि कंसात, आज भाजी करून खाल्ली, उत्तम. उमाला तो दिवस आठवला. नाना शाळेत प्रत्येकाला गाठून ती गोष्ट सांगत होते, सांगताना हसून हसून डोळे पुसत होते. नोंदी पानोपान होत्या. दुरुस्ती: पत्नी. दुरुस्ती: ड्रॉइंगचे मास्तर. दुरुस्ती: पत्नी. एकेका नोंदीखाली रेघ ओढलेली, हौसेनं, सणाला दारात ओढावी तशी. ज्या माणसाला चूक सापडल्यावर इतकं सुख होत होतं, त्याला तिनं चुकीपासून वाचवलं होतं. शेवटची नोंद अकरा वर्षांपूर्वीची. त्यानंतर आखलेली पानं होती, पुष्कळ, आणि त्यांवर काही नव्हतं. सबंध यादीत उमाचं नाव एकदाही नव्हतं.

आत्या दारात येऊन उभी राहिली. “सापडलं का गं तुला तुझं ते?”

“सापडलं.”

“मंग आता छापून येईल का दादाचं नाव?”

“नाही, आत्या.”

आत्या उंबऱ्यावर खाली बसली. “माझ्यामुळं का? ते आमटीत गेलं म्हणून?”

“नाही,” उमा म्हणाली. “तुझ्यामुळं नाही.” आत्याला ते खरं वाटलं नाही, आणि जास्त समजावून सांगण्याइतकं बळ उमापाशी नव्हतं. थोड्या वेळानं ती उठून तिच्याजवळ जाऊन बसली. आत्यानं तिचा हात हातात घेतला, वाती वळून राखेनं पांढऱ्या झालेल्या बोटांनी.

सकाळी तिनं कलकत्त्याला पत्र लिहिलं. वडील वारले. शेवाळ एकच आहे, दोन नाहीत. पाण्यापासून आठव्या पायरीवरचं रोप सोबत पाठवत आहे, त्यावर दोन्ही तऱ्हेची पानं आहेत. हिवाळ्यातला नमुना मी तपासल्याचं मागच्या पत्रात लिहिलं होतं, ते खोटं होतं. वडिलांना ते माहीत नव्हतं. वरच्या पायऱ्या पाहायला हव्यात हे त्यांनीच मला सांगितलं होतं. टिपण छापलंत तर तेवढं लिहावं. एवढंसं पत्र लिहायला दोन तास लागले.

मग तिनं वही उर्दूच्या बाजूनं उघडली. कोऱ्या पानांतल्या पहिल्या पानावर, नानांनी आखलेल्या रकान्यांत, तिनं त्यांच्यासारखंच उर्दूत लिहिलं. बारवेचं आणि घरचं शेवाळ वेगळं मानलं, एकच आहे. तारीख घातली. तिसऱ्या रकान्यात थोडा विचार करून लिहिलं: स्वतः. कारण प्रश्न नानांनीच विचारला होता. रेघ ओढली, जमेल तितकी सरळ. खाली दुसरी ओळ सुरू केली: न पाहता ‘नाही’ म्हणून सांगितलं. उमा. तारखेच्या जागी दोन वर्षांपूर्वीचा दै महिना घातला. कुणी दुरुस्त केलं, या तिसऱ्या रकान्यापाशी टाक आला आणि थांबला.  शाई टोकावर वाळली. मग तिनं तो रकाना तसाच ठेवून वही मिटली आणि शाळेची वेळ झाली म्हणून उठली.